परत आलेला तागा

खडूबाईंच्या समोर नवे कपडे घालून जायची हिंमत त्यांच्या नात्यागोत्यात कोणी करत नाही. तोंडाने "छान आहे हो" म्हणेपर्यंत त्यांची नजर काठावरून, शिवणीवरून फिरून डाव्या खांद्याखाली कुठेतरी थांबलेली असते. "इथे बाण्याचा एक आडवा धागा तुटलाय," त्या म्हणतात, आणि मग तो बिचारा माणूस उरलेला सगळा समारंभ डावा खांदा झाकत फिरतो.

खडूबाई हे नाव गिरणीने दिलेलं. कापडगिरणीच्या तपासणी खात्यात त्या एकतीस वर्षं उभ्या होत्या. उभ्याच, कारण त्या टेबलाशी बसायची सोयच नव्हती. काचेचं उतरतं टेबल, काचेखाली दिवे, वरून सरकत जाणारं कापड आणि हातात निळा खडू. तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग, काहीही दिसलं की काढ गोल. तपासलेल्या ताग्याच्या टोकाला ज्याचा त्याचा शिक्का बसे. यांचा नंबर सतरा. पुढे ग्राहकाला दोष सापडला तर तागा गिरणीत परत येई, आणि मग ज्याचा शिक्का त्यानेच तो सगळ्या खात्यासमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडायचा, अशी तिथली रीत. त्यापुढे शिक्षा काही नसे. पण ते उलगडणंच असं असे की त्यापेक्षा शिक्षा परवडली, असं लोक म्हणत.

"एकतीस वर्षांत सतरा नंबरचा एकही तागा परत आला नाही." हे वाक्य खडूबाईंनी कोणाला ऐकवलं नाही ते विचारा. शेजारणींना झालं, बँकेतल्या खिडकीमागच्या मुलीला झालं, आणि एकदा तर तोंडात चिमटा असताना दातांच्या डॉक्टरांना. त्यांना तेव्हा शब्द कळला नाही, म्हणून बाईंनी चिमटा निघाल्यावर पुन्हा सांगितलं.

नवराही त्याच गिरणीतला, मागांचा मिस्त्री. दोनशे मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्याला आता दारावरची बेल ऐकू येत नाही, पण त्याचं काही अडत नाही. माग खात्यात कोणालाच काही ऐकू येत नसे, त्यामुळे तिथे हातांची एक भाषाच तयार झाली होती. डाव्या तळव्यावर उजवा अंगठा दाबला की 'माल पास, शिक्का मारा'. दोन्ही हात छातीकडे गुंडाळत आणले की 'तागा परत आला'. या दोघांचा संसार अर्धा बोलण्यावर आणि अर्धा हातांवर चालला आणि भांडणं तर बहुतेक हातांवरच झाली. त्यामुळे शेजाऱ्यांना हा फार शांत संसार वाटे.

गिरणी बंद झाली आणि खडूबाई घरी बसल्या. बसल्या म्हणजे काय, सतरंजीपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यात दोष काढत सुटल्या. वर्षभरात नवरा इतका तपासला गेला की तो सकाळ-संध्याकाळ फिरायला जाऊ लागला. तेवढ्यात वरच्या मजल्यावर राहणारी एक तरुण इंजिनिअर नव्या पडद्याचं कापड घेऊन खाली आली. "काकू, शिवून कोण देईल?" एवढंच तिला विचारायचं होतं. काकूंनी खोलीच्या पलीकडूनच सांगितलं, "शिवायच्या आधी बदलून आण. मधे दोन धागे सुटलेत."

इंजिनिअर कापडाकडे पाहत राहिली, मग काकूंकडे. तिला ते दोन धागे खिडकीशी नेल्यावरही दिसले नाहीत. दुकानदाराला मात्र लगेच दिसले, कारण त्याला ते आधीपासून ठाऊक होते.

"काकू, तुम्ही माझ्याबरोबर कामाला येता का?" दुसऱ्या दिवशी तिने विचारलं. "उपग्रहाने वरून काढलेले फोटो असतात. त्यात रानगाढवं शोधायची."

नवऱ्याने हे तिच्या ओठांवरून वाचलं आणि मोठ्याने म्हणाला, "चाळीस वर्षांपूर्वी एक शोधून झालंय तिचं. अनुभव आहे."

कचेरी दातांच्या दवाखान्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होती. तिथे पूर्वी नाच शिकवायचे, त्यामुळे एका भिंतीला छतापर्यंत आरसे होते. ते काढायला वेळ कोणालाच झाला नव्हता. चार टेबलं, चार संगणक; आरशात बघावं तर आठ. काम असं होतं. शहरापासून लांब, मिठागरांच्या पलीकडे मोठी ओसाड माळरानं होती आणि तिथे रानगाढवं राहत. पायी फिरून ती मोजायला चार महिने लागायचे आणि तेवढ्यात ती भलतीकडे निघून जायची. म्हणून उपग्रहाचे फोटो घ्यायचे आणि मोजायचं काम कृत्रिम बुद्धिमत्तेला द्यायचं. पण त्या बुद्धिमत्तेला गाढव म्हणजे काय हे आधी कोणीतरी शिकवायला हवं. ते काम खडूबाईंचं. प्रत्येक फोटोत दिसेल त्या गाढवाभोवती चौकोन काढायचा. असे हजारो चौकोन पाहून यंत्र आपलं आपण शिकणार.

"म्हणजे शिकाऊ आहे," खडूबाई म्हणाल्या. गिरणीत त्यांनी सात शिकाऊ मुली तयार केल्या होत्या. त्या दिवसापासून यंत्राचं नाव शिकाऊ पडलं ते कायमचं.

काम त्यांना असं मानवलं की विचारू नका. उजेडाचं टेबल तेच, फक्त आता उभं होतं आणि बसायला खुर्ची होती. वरून पाहिलं तर रानगाढव म्हणजे एखादा तपकिरी तांदळाचा दाणा. झुडूपही तसंच दिसतं. पण झुडपाची सावली गोल पसरते आणि गाढवाच्या सावलीला पाय असतात, हे कचेरीत पहिल्यांदा खडूबाईंनी सांगितलं. "डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं," त्या घरी सांगत. खडूची सवय सुटत नव्हती, म्हणून टेबलावर एक निळा खडू उगाच ठेवलेला असे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी एक शंका विचारली. "दोन डाग अगदी शेजारी शेजारी असले तर गं काय करायचं?"

इंजिनिअरच्या एका कानाला फोन होता. "तुमची गिरणीची जी पद्धत असेल तीच ठेवा, काकू. फक्त सगळीकडे एकच ठेवा." आणि ती फोनवरच्या माणसाकडे वळली.

गिरणीची पद्धत ठरलेली होती. दोन बोटांच्या आतले दोन दोष म्हणजे एक दोष, एकच गोल. खडूबाई पडद्यावर दोन बोटं टेकवून बघत आणि एक चौकोन काढत. पुढे बोटं टेकवायचीही गरज उरली नाही. हात एकतीस वर्षांचा होता. तो डोक्याला विचारायला थांबत नसे. पडद्यावर बोटांचे ठसे का पडतात, हे कोडं मात्र इंजिनिअरला सुटलं नाही. ती रोज सकाळी फडक्याने ते पुसून टाकी.

दहा महिन्यांत अकरा हजार फोटो झाले. मग शिकाऊची परीक्षा झाली. खडूबाईंनी तपासलेलेच काही फोटो बाजूला काढून ठेवले होते, ते त्याला दिले, आणि शंभरातले सत्त्याण्णव चौकोन बाईंच्या चौकोनांशी जुळले. कचेरीत टाळ्या पडल्या. संस्थेचे प्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ते जन्मात कधी हसले नव्हते; तेही हसले. खडूबाईंनी पडद्यावर हळूच टिचकी मारली. "शहाणा आहेस," त्या शिकाऊला म्हणाल्या. आतून त्यांना इतका आनंद झाला होता की त्या दिवशी त्यांनी नवऱ्याच्या शर्टात एकही दोष काढला नाही.

विणीचा हंगाम आला आणि शिकाऊला पहिलं खरं काम मिळालं. पूर्वेच्या माळावर शिंगरं, म्हणजे गाढवांची पिल्लं, किती ते सांगायचं; चौकोन बारका असला की शिंगरू. प्रश्न साधा होता, पण त्यावर बरंच अवलंबून होतं. नियम असा की जिथे शिंगरं जन्मतात तो माळ हंगामाचे तीन महिने वाहनांना बंद. मिठाच्या ट्रकवाल्यांना पूर्वेच्या माळावरून जवळचा रस्ता हवा होता. शुक्रवारी जमीन समितीची बैठक होती आणि तिथे साहेबांनी आकडा सांगायचा होता. आकडा आला तर माळ बंद राहणार, नाही आला तर सोमवारपासून ट्रक सुरू.

बुधवारी सकाळी शिकाऊने मोठी गाढवं मोजली तीनशे अठरा. शिंगरं शून्य.

आकडा कळताच दुपारी माळावरच्या राखणदाराचा फोन आला. साहेबांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"ओ साहेब, तुमचं यंत्र आंधळं आहे का?" राखणदार ओरडत होता. "काल माझ्या मोटरसायकलपुढून शिंगरू गेलं. पाठोपाठ त्याच्या आईने मला लाथ दाखवली. आणि तुम्ही शून्य म्हणता?"

"तुमचं खरं असेल हो," साहेब म्हणाले. "पण समितीला आकडा लागतो. लाथ चालत नाही."

फोन बंद झाला. "मग खोटा कोण, राखणदार की यंत्र?" साहेबांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता, तरी इंजिनिअरचा चेहरा उतरला. शिकाऊवर तिची तीन वर्षं गेली होती.

"काकू, तुम्ही जरा बघता?" तिने पूर्वेच्या माळाचा एक फोटो उघडला. शिकाऊने काढलेले पिवळे चौकोन त्यावर होते.

खडूबाईंनी चष्मा पुसला आणि पाहिलं. एका चौकोनात एक मोठा ठिपका आणि त्याला चिकटून एक बारका. शेजारच्या चौकोनात तेच. "बरोबर तर आहे सगळं," असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. असेच तर त्यांनी काढले असते! दोन बोटांच्या आत म्हणजे एक. आणि मग त्या पडद्याकडे आणखी वाकल्या. चौकोन शिकाऊचे होते, पण हात त्यांचा होता. मोठा ठिपका आई होती. बारका ठिपका शिंगरू होतं. अकरा हजार फोटोंत त्यांनी आई आणि शिंगरू एकच धरलं होतं, आणि शिकाऊने इमानदारीने तेच उचललं होतं. परीक्षेत सत्त्याण्णव गुण पडणारच होते. पेपर काढणारी बाई आणि तपासणारी बाई एकच!

"दिसलं काही?" इंजिनिअरने विचारलं.

"डोळे दुखतायत गं," खडूबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या तपासणीच्या टेबलाशी खोटं बोलल्या. मग पिशवी उचलून लवकर घरी गेल्या.

नवरा स्वयंपाकघरात भाजी चिरत होता. खडूबाई दारातच उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात छातीकडे गुंडाळत आणले.

सुरी थांबली. "कोणाचा?" त्याने हाताने विचारलं.

खडूबाईंनी एक बोट दाखवलं, मग सात. मग त्या स्टुलावर बसल्या आणि रडल्या. नवऱ्याने भाजी बाजूला सारली आणि सगळं ऐकून घेतलं, म्हणजे पाहून घेतलं.

"दोन बोटांचा नियम का होता, आठवतं?" त्याने विचारलं.

"आठवतं की. एकाच तुटलेल्या धाग्याचे दोन डाग पडतात. एका चुकीसाठी विणकराला दोनदा बोलणी बसायला नकोत."

"चांगला नियम होता," नवरा म्हणाला. "पण कापडाला पिल्लं होत नाहीत गं."

खडूबाई रडता रडता हसल्या, आणि हसल्या म्हणून त्यांना त्याचा रागही आला. "तुम्हाला विनोद सुचतायत. उद्या सगळे म्हणतील, एवढा तोरा मिरवत होती! घरी पाठवतील मला. आणि न सांगावं तर कोणाला कळणारही नाही. यंत्र बिघडलं म्हणतील, झालं."

"आणि ती वरची पोरगी?"

खडूबाईंनी पदराने डोळे पुसले. त्या पोरीच्या उतरलेल्या चेहऱ्यापासूनच तर त्या पळून आल्या होत्या. आणि तिकडे माळावर सोमवारपासून ट्रक धावणार होते, नुकत्याच जन्मलेल्या शिंगरांमधून.

"गिरणीत रीत काय होती?" नवऱ्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा भाजी चिरायला घेतली.

गुरुवारी सकाळी खडूबाई सगळ्यांच्या आधी कचेरीत जाऊन उभ्या राहिल्या. खुर्ची होती तरी उभ्याच राहिल्या. इंजिनिअर आली, साहेब आले. चूक कबूल करायला आरशांची खोली फार वाईट. जिकडे बघावं तिकडे आपणच. तरी त्यांनी पहिला फोटो उघडला, दोन बोटं पडद्यावर टेकवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. गिरणीचा नियम, हाताची सवय, अकरा हजार फोटो. "शिकाऊची चूक नाही. त्याला जे शिकवलं ते तो शिकला. तागा माझा आहे."

इंजिनिअर त्या दोन बोटांकडे पाहत होती. "म्हणजे ठसे..." ती म्हणाली. मग तिने कपाळाला हात लावला. "काकू, 'गिरणीची पद्धत ठेवा' असं मीच म्हटलं होतं. ती पद्धत काय, हे मी विचारलंच नाही."

"पण मग मोठी गाढवं कशी बरोबर मोजली गेली?" साहेबांना शंका आली.

त्यासाठी राखणदाराला फोन लावला. "सोपं आहे हो," तो म्हणाला. "मोठी गाढवं एकमेकांपासून लाथेच्या अंतरावर राहतात. आईला चिकटून चालतं ते शिंगरूच."

साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "अकरा हजार फोटो उद्यापर्यंत होणार नाहीत."

"अकरा हजार नंतर," खडूबाई म्हणाल्या. "पूर्वेच्या माळाचे चारशे सहाच आहेत. ते मी आज उलगडते. रीतच आहे तशी."

त्या बसल्या. त्यांच्या एका बाजूला इंजिनिअर बसली आणि थोड्या वेळाने कोट काढून साहेबही दुसऱ्या बाजूला बसले. एकाने काढलेले चौकोन दुसऱ्याने तपासायचे, असा नवा नियम खडूबाईंनीच घातला. स्वतःचेही त्यांनी इंजिनिअरला तपासायला लावले. साहेबांनी पहिल्याच फोटोत दोन झुडपांना शिंगरं केलं.

"साहेब, याला पाय कुठायत?"

"झोपलं असेल," साहेब म्हणाले.

"झोपलं तर आई शेजारी असेल. आई कुठाय?"

साहेबांनी निमूटपणे चौकोन पुसला. आपल्याच कचेरीत इतकी बोलणी त्यांनी कधी खाल्ली नव्हती, पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. इथे तर गाढवंच मोजायची होती.

दुपारी राखणदाराला कामाला लावलं. फोटो पाच दिवसांपूर्वीचे होते, पण "शिंगरूवाली पाणी सोडून लांब जात नाही," असं तोच म्हणाला. खडूबाई फोनवर सांगत, "दादा, मोडक्या पंपाच्या पलीकडे तीन झुडपं आहेत, तिथे बघा," आणि मोटरसायकलची फटफट ऐकू येई. थोड्या वेळाने आवाज येई, "आहेत ताई! चार आया, चार पोरं! एक माझ्याकडे बघतंय!" चौदा पाणवठ्यांपैकी बारा ठिकाणी जुळलं. उरलेल्या दोन ठिकाणी तो पोचायच्या आत त्याचं पेट्रोल संपलं.

दिवस मावळायच्या सुमाराला बेरीज झाली. शिंगरं एकशे त्रेचाळीस.

साहेब अहवाल लिहायला बसले. 'आधीच्या मोजणीत काही तांत्रिक कारणाने,' एवढं त्यांनी लिहिलं आणि मागून आवाज आला, "कसलं तांत्रिक? दोन बोटांचा नियम होता, तो माझा होता, असं लिहा. कारण लिहिलं नाही तर उद्या नवा आकडा तरी कोण खरा मानेल? आणि खाली सतरा नंबर टाका." साहेबांनी टाकला. इंजिनिअरने त्याखाली स्वतःचं एक वाक्य जोडलं, 'ही सूचना मी दिली होती.'

समितीच्या अध्यक्षांनी शुक्रवारी सगळ्यात आधी विचारलं ते हेच, की हा सतरा नंबर कशाचा. साहेब बोलायला लागले. खडू, शिक्का, परत आलेला तागा, सगळं सांगितलं. मोजणीबद्दल कोणी फार विचारलं नाही. स्वतःची चूक खाली सही करून देणारा अहवाल त्या टेबलावर बहुधा पहिल्यांदाच आला होता. पूर्वेचा माळ तीन महिने वाहनांना बंद राहिला.

खडूबाईंना घरी कोणी पाठवलं नाही. सोमवारी त्यांनी अकरा हजारांतला पहिला फोटो उघडला आणि उजवा हात मुद्दाम थांबवून, एकेका ठिपक्याला वेगळा चौकोन काढायला सुरुवात केली. एकतीस वर्षांच्या हाताला वळवणं सोपं नव्हतं. दिवसातून दहादा तरी त्या स्वतःच्याच मनगटावर चापटी मारत. इंजिनिअर आता ठसे पुसायच्या आधी विचारते, "काकू, हे कशाचे?"

अडीच महिन्यांनी, दुरुस्त झालेल्या पहिल्या अडीच हजार फोटोंवर पुन्हा शिकून, शिकाऊने नव्या फोटोत कोणी न सांगता एक मोठा चौकोन काढला आणि त्याला लागून एक बारका. खडूबाईंची विसरलेली छत्री द्यायला नवरा नेमका तेव्हाच वर आला होता. त्यांनी त्याला पडद्याशी ओढत नेलं आणि त्या बारक्या चौकोनावर बोट ठेवलं. त्याने वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग डाव्या तळव्यावर उजवा अंगठा दाबला. खडूबाईंचे डोळे भरून आले, आणि ते आरशात कचेरीभर दिसले.

संध्याकाळी दोघं जिना उतरत असताना दातांचे डॉक्टर दवाखान्याच्या दारात उभे होते. त्यांनी बाईंना बघून हसत विचारलं, "काय बाई, सतरा नंबरचा अजून एकही तागा परत नाही ना?"

"आला ना," खडूबाई थांबून म्हणाल्या. "एक आला. पण येताना एकशे त्रेचाळीस शिंगरं घेऊन आला."